गिरणी कोरडी हाय का?

अक्का, ते पाणी तुझ्या रॅम्पवरून येत नव्हतं. इतकी वर्षं ज्या पाण्यापायी मी तुझ्या नावानं बोटं मोडली, ते वरून येत होतं, छज्ज्याच्या फटीतून. मला हे कळलं तेव्हा तुझं तेरावं होऊन गेलं होतं, तुझा बाळू गाडी घेऊन पुण्याला परतला होता आणि तुझी हिरवी जरीची साडी कुणी न्यायची यावरून आपल्या दोन्ही नणंदांचं बोलून झालं होतं. तरी सांगते. तुला ऐकावं लागेल. मी बोलायला लागले की फणकाऱ्यानं उठून आत जायची तुझी सोय आता राहिलेली नाही.

मयतीला आलेल्या बाया म्हणत होत्या, "लई गरीब सभावाची हुती बिचारी." मी डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून बसले होते, म्हणून कुणाला माझं तोंड दिसलं नाही. गरीब स्वभावाची, आणि तू! तुझ्या स्वभावाची माहिती धाकट्या जावेला विचारावी. एका भिंतीच्या अलीकडं मी नि पलीकडं तू, अशी आपली मुरुडातली सगळी उमर गेली. तुझी फोडणी मला कळायची, तुझा खोकला कळायचा. तू माझ्याशी बोलत नव्हतीस एवढंच.

नाही, एकदा बोललीस. तेच माझ्या डोक्यातून जात नाही.

बाळूनं फोन केला होता, "काकू, एकदा येऊन जा." मी एसटीनं लातूरला आले, मोसंबी घेतली, दवाखान्याचा जिना चढले. बाहेर पाऊस लागला होता. ओली छत्री हातात धरून मी तुझ्या खाटेपाशी उभी राहिले. तू डोळे उघडलेस. मला वाटलं, "आलीस का" म्हणशील. "बस" म्हणशील. निदान रडशील तरी. तू माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "गिरणी कोरडी हाय का?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. ज्या बाईच्या रॅम्पनं माझ्या गिरणीत पाणी घातलं, ती नाकात नळी असताना मलाच विचारते, कोरडी हाय का! मला वाटलं, शेवटपर्यंत हिला टोमणाच सुचला. मोसंबीची पिशवी उचलली आणि तशीच परत घेऊन निघाले. घरी येऊन शटर वर केलं तर खांबाच्या कोपऱ्यातून पाणी आलेलं होतंच, आणि एका गिऱ्हाइकाच्या डब्याखाली पिठाचा चिखल झाला होता. तो खरवडून काढताना मी तुला काय काय म्हटलं ते आता सांगत नाही. तू त्यानंतर दोनच दिवसांत गेलीस.

तू पहिल्यापासून अशी असतीस तर मला एवढं लागलं नसतं. मी लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात स्वयंपाकघराचा पत्रा गळत होता, नेमका चुलीवर. सासूबाई पातेली मांडून मोकळ्या झाल्या होत्या. तू मात्र उघडीप मिळाल्याबरोबर पदर खोचलास आणि पाण्याची घागर घेऊन शिडीनं पत्र्यावर चढलीस. मला म्हणालीस, "तू खाली थांब. पानी आलं की वरड." मी नवी नवरी. ओट्यावर सासरे बसलेले. ओरडू कशी? तर तू वरून म्हणालीस, "वरड म्हनलं की वरडायचं. न्हाईतर पावसाळाभर भिजली भाकर खा." तू आधी खालच्या वळचणीकडून थोडं थोडं पाणी ओतत होतीस, मग एकेक हात वर सरकत होतीस. एकदम वरून ओतलं तर सगळंच भिजतं, मग कुठून आलं ते कळत नाही, हे तुझ्याकडूनच मी शिकले. शेवटी एका खिळ्यापाशी थेंब आला आणि मी "आलं! आलं!" करून अशी किंचाळले की सासरे काठी टाकून धावत आत आले. तू पत्र्यावर बसून पोट धरधरून हसत होतीस. मग चिंधी आणि डांबर लावून तू ते भोक बंद केलंस. त्या संध्याकाळी आपण दोघींनी चुलीपुढं बसून गरम भाकरी आणि ठेचा खाल्ला. सासरच्या घरात मी पहिल्यांदा पोटभर जेवले ती त्या दिवशी.

आणि गिरणी. ती तरी कुणाची होती? माझे मालक गेले तेव्हा सगळी भावकी ओट्यावर जमली होती. हिला आता मुखेडला माहेरी पाठवून द्यावं, असं गोडगोड चाललं होतं. तू आतून भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आलीस. पुरुषमाणसांत कधी न बोललेली तू सरळ म्हणालीस, "ती कुठं जायची न्हाई. तिच्या वाटणीच्या गॅरेजात गिरणी टाकू. दळनाचं डबं माझ्या घरून सुरू हुतील." सासऱ्यांनी घर बांधताना पुढं शेजारी शेजारी दोन गॅरेज काढली होती, दोन पोरांच्या दोन मोटारी उभ्या राहतील म्हणून. तुमच्याकडं तेव्हा सायकल होती आणि आमच्याकडं तीही नव्हती. त्या गॅरेजात माझी गिरणी बसली. पहिलं दळण तुझ्या ज्वारीचं होतं. भुवयांवर पीठ घेऊन तू पिठात बोट घालून बघितलंस नि म्हणालीस, "जरा बारीक दळत जा, गिऱ्हाईक टिकंल." गिऱ्हाईक टिकलं, अक्का. आजवर मी त्याच्यावरच जेवते.

म्हणून तर रॅम्पचं जास्त लागलं. ज्या हातानं उभं केलं त्याच हातानं धक्का बसला, असं झालं.

गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. जुना रस्ता न उकरता वरून थर टाकला, आणि आपली घरं रस्त्याच्या खाली गेली. मग जो तो आपल्या दारापुढं रॅम्प घालायला लागला. एकानं घातला की त्याचं पाणी शेजाऱ्याकडं, शेजाऱ्यानं घातला की पुढच्याकडं. सगळ्या गल्लीत तेच चाललं होतं. बाळूनं गाडी घेतली, तेव्हा तुमच्या गॅरेजापुढंही मोठा रॅम्प झाला, उतार नेमका दोन शटरांच्या मधल्या खांबाकडं. तू त्यावर पाणी मारत उभी होतीस. मी म्हटलं, "अक्का, उतार हिकडं आलाय. माझ्या गिरणीत पानी यील." साधं सांगितलं होतं. गवंडी समोर होता, बाळू समोर होता, कदाचित म्हणून तुला ते लागलं असेल. तू म्हणालीस, "घर आमचं हाय. उतार बी आमचाच."

"मग पानी बी तुमचंच," मी म्हटलं, "ठेवा तुमच्या घरात."

तुझं माझं भांडण म्हणायचं ते एवढंच. पुढच्याच पावसात खांबाच्या कोपऱ्यातून पाणी आत आलं. लोकांचे दळणाचे डबे, मोटार, पट्टा, सगळं मी विटांवर चढवलं. पीठ आंबलंय असं गावात झालं असतं तर दुसऱ्या गिरणीला जायला लोकांना कितीसा वेळ लागतो? म्हणून मी कुणाला चकार शब्द सांगितला नाही. आणि तुला तर मुळीच दिसू द्यायचं नव्हतं. आलेलं पाणी मी कधी पुढच्या बाजूनं झाडलं नाही. शटर अर्धं ओढून घ्यायचे आणि मागच्या मोरीत लोटायचे. तुझं शटर पावसात कायम बंद असायचं. मला वाटायचं, आत कोरडी ठणठणीत बसून माझी मजा बघतेस.

त्या वर्षी येळवशीला, वेळा अमावस्येच्या पूजेला, शेतात दोन कोपी उभ्या राहिल्या. आधी कडब्याची एकच खोपटी असायची, सगळ्या घराची पूजा तिच्यातच. भाज्या-शेंगांची भज्जी तू शिजवायचीस, आंबील मी, आणि चवीवरून आपलं ठरलेलं भांडण व्हायचं. त्या वर्षी एकाच शेतात तू हरभऱ्याकडच्या बाजूला आणि मी ज्वारीकडच्या. वाऱ्यानं तुझ्या भज्जीचा वास माझ्याकडं येत होता. माझी भज्जी पातळ झाली होती. मी ती खाल्ली आणि छान झाली म्हणाले. तेव्हाही तू आली नाहीस, मीही गेले नाही.

आता तुझ्या मयतीचं सांगते. माणसं फार झाली, घरात मावेनात, म्हणून दादांनी तुमच्या गॅरेजाचं शटर वर केलं. दादा म्हणजे तुझे मालक, माझे भासरे. सून म्हणून मी त्यांच्याशी कधी समोरासमोर बोलले नाही, हे तुला ठाऊकच आहे. पुरुष तिथं सतरंजीवर बसले. दुपारी पाऊस आला आणि माणसं एकाएकी उठून उभी राहिली, कारण सतरंजी भिजत होती. मी चहाचा ट्रे घेऊन आले होते ती दारातच थांबले. तुझ्या गॅरेजात खांबाच्या कोपऱ्यातून पाणी येत होतं, जसं माझ्याकडं येतं तसंच. गव्हाची पोती विटांवर. शिलाई मशीन विटांवर. शटरच्या बुडाशी गोणपाटाची वळकटी, माझ्याकडं असते तशीच. भिंतीवर ओलीची रेघ, आणि ती जुनी होती.

चहा गार झाला. मी घरी जाऊन गिरणीच्या बाकड्यावर बसले. रडू आलं नाही, राग आला. तुझं गाडीवालं, रॅम्पवालं गॅरेजही गळत होतं, आणि तू मला त्याचा पत्ता लागू दिला नाहीस.

तेरावं झालं, माणसं गेली, आणि मी पाइप काढला. म्हटलं, आता छडा लावायचाच. पण हे काम एकट्या माणसाचं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला कळत होतं? मी बाहेर वर-खाली सगळीकडं पाणी मारायचे, पाइप टाकून आत पळायचे, तोवर कोपऱ्यात पाणी हजर. कुठून निघालं ते बघायला मी तिथं असायला पाहिजे होते, आणि मी बाहेर होते. दोन-तीनदा असं झाल्यावर मी भर रस्त्यात तुला हाक मारणार होते. खरंच, तोंडापर्यंत "अक्का" आलं होतं.

दादा ओट्यावरून बघत होते. ते उठले, तुमच्या गॅरेजात गेले आणि आतून म्हणाले, "मार पानी. मी बघतो." मी पदर पुढं ओढला आणि पाइप धरला. आधी खाली, तुझ्या रॅम्पवर धरला, बराच वेळ. आतून दादा म्हणाले, "न्हाई." आत पाण्याचा थेंब नाही. सगळं खांबापुढच्या नालीत जात होतं. मला वाटलं, म्हातारपणी त्यांना दिसत नसेल. मीच आत जाऊन बघितलं. कोरडं. मग शटर ज्यात सरकतं त्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर पाणी मारलं. "न्हाई." मग शिडी लावून छज्जा जिथं भिंतीला मिळतो तिथं, मधल्या खांबाच्या वर, पाइप धरला. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग आतून दादांचा आवाज आला. आयुष्यभर ज्यांचा आवाज मी कुजबुजीच्या वर ऐकला नाही, ते माझे भासरे ओरडले, "आलं! आलं गं! खालून आलं!"

वर भिंतीला फट होती. पाणी तिथून शिरायचं, दोन्ही शटरांच्या पट्ट्यांमागच्या पोकळीतून खांबाच्या दोन्ही अंगांनी उतरायचं आणि थेट जमिनीपाशी बाहेर पडायचं. बघणाऱ्याला वाटावं, रस्त्यावरूनच आलं. तुझ्याकडंही तितकंच, माझ्याकडंही तितकंच. ती फट मी छिन्नीनं उकरली, धूळ काढली, सिमेंटमध्ये पाणी अडवायची पावडर घालून भरली, वरून डांबराची पट्टी बसवली. छज्ज्याच्या खालच्या काठाला एक खाच मारली, पाणी भिंतीकडं न वळता तिथंच तुटून खाली पडावं म्हणून. पट्ट्यांच्या फटींत सिलिकॉन भरलं. दादांनी शिडी धरली. सकाळी सुरू केलं आणि जेवायच्या आत संपलं. एका सकाळचं काम होतं, अक्का. एक घागर पाणी आणि दोघी जणी एवढंच लागत होतं. आपण दोघीही जिवंत होतो तेव्हा.

मग तुझ्या गॅरेजातली पोती बाजूला घेतली, फरशी वाळावी म्हणून. पोत्यांच्या मागं, आपल्या मधल्या भिंतीच्या बुडाशी, सिमेंटचा लांब उंचवटा दिसला. वेडावाकडा. गवंड्यानं घातलेला नव्हता, त्यावर बोटांचे वळ होते. शेताला घालतात तसा बांध, आणि तो घरात. मी दादांकडं बघितलं. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "तिनंच घातलाय. तुमचं भांडन झालं, त्याच पावसाळ्यात. मी म्हनलं, गवंडी बोलवू. म्हनली, कशाला, हात हायत की."

मी म्हटलं, "कामून घातला?"

"म्हनली, आपल्या रॅम्पचं पानी हाय, भिंतीखालून पलीकडं झिरपंल, तिचं पीठ भिजंल. 'ठेवा तुमच्या घरात' म्हनली न्हवं ती, मग ठेवते. बाळूला बी लई डाव म्हनली, रॅम्प फोड म्हनून. पोरगं कुठं ऐकतंय."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

दादा पोती सारखी करायला लागले. त्यांना कुठं ठाऊक असणार? तुला होतं.

म्हणजे तुला वाटत होतं, तू पाणी अडवलंस. माझी गिरणी कोरडी आहे, असं तू धरून चालली होतीस. मी मागच्या मोरीत गुपचूप पाणी लोटत होते, त्यामुळं तुला वेगळं दिसायचं कारणही नव्हतं. तू तुझ्या पोत्यांखाली विटा घालत बसलीस, तुझं धान्य भिजवलंस, आणि भिंतीपलीकडून येऊन "तुझ्याकडं काय हाल हाय" एवढं तुला विचारता आलं नाही. दवाखान्यात विचारलंस. तिथं! नळ्या लावल्यावर! मला काय स्वप्न पडणार होतं, की हा टोमणा नाही म्हणून? असं विचारतात का कुणी?

तू बांध माझ्या पिठासाठी घातलास, की माझं बोलणं माझ्याच तोंडावर मारायला घातलास, हे मी दिवसातून कितीदा तरी स्वतःला विचारते. दोन्ही असेल. तू तशीच होतीस. माझ्यासाठी भावकीपुढं उभी राहिलीस तेव्हाही तुझ्या तोंडावर माया नव्हती, राग होता. पण आता मी काय करू याचं? इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावून जगले. पहाटे शटर वर करायचं, तुझ्या बंद शटरकडं बघून तोंड वाकडं करायचं आणि कामाला लागायचं, अशी सवय होती माझी. त्या रागानं मला उभं ठेवलं असं म्हटलं तरी चालेल. मरताना तू तोही खोटा पाडून गेलीस. हे बरं केलं नाहीस. मी तुझी माफी मागणार नाही, आणि तूही मागू नकोस. तू सांगायला पाहिजे होतंस. एकदा भिंतीवर मूठ आपटली असतीस तरी मी ऐकलं असतं.

येळवस येईल. दादांना म्हटलं आहे, एकच कोप उभी करा. भज्जी मी करीन, पातळ झाली तर पातळ. कुणी नावं ठेवायला नाही, याचंच वाईट वाटणार आहे.

बाळूचा परवा फोन आला. म्हणाला, "काकू, गळती बंद झाली ना, मग तो आतला सिमेंटचा उंचवटा काढून टाकतो. गाडीचं चाक अडतं." मी म्हटलं, "हात तर लावून बघ." पोरगं लगेच "बरं, बरं" म्हणालं. तुझ्या सुरात बोलले की काय, कोण जाणे.

आणि काल पाऊस झाला. चांगला, तासभर. मी सवयीनं पोचारा आणि खराटा घेऊन गिरणीत गेले, शटर अर्धं ओढून घेतलं, आणि पुसायला काही नव्हतं. खांबाच्या कोपऱ्यात पिठाचा पांढरा थर तसाच होता, बोटानं रेघ ओढली तर उमटली. मी शटर पुरतं वर केलं. पाऊस छज्ज्याच्या काठावरून तुटून समोर पडत होता. भिंतीपलीकडं तुझंही शटर वर होतं. दादा पोत्यांशेजारी खुर्ची टाकून बसले होते, कोरड्यात.

तू विचारलं होतंस. त्या दिवशी "हाय" म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, आणि "न्हाई" म्हटलं असतं तर ते घेऊन तू गेली असतीस. आज खरं सांगता येतंय. कोरडी हाय, अक्का.